रविवारची चावी

कडेगाव, जि. सांगली
१२ जानेवारी २०२५

गंगाधरपंतांस लालासाहेब मोहित्याचा रामराम.

पत्र बघून चक्रावला असाल. सहा वर्षं आपण रोज सकाळी 'लंबक'वर भेटतो, पण तुमचं अक्षर मी कधी पाहिलं नाही आणि माझं तुम्ही. माझं आता बघून घ्या. फौजेच्या वर्कशॉपात तीस वर्षं कार्डं भरून भरून असं झालंय. पत्ता शंभूराजकडून घेतला. गेल्या सप्टेंबरात माझं घड्याळ दुरुस्तीला तुमच्याकडे पोचवलं, तो माझा पुतण्या.

'लंबक'वरच खाजगीत लिहायचं, तर तीनदा लिहून झालं. उत्तर नाही. सगळ्यांसमोर लिहायचं, तर एकदा लिहिलं तेच भोवलंय.

पंत, मी काही हुशार माणूस नाही, पण घड्याळ मला कळतं. सहा वर्षं तुमची नोंद मी वाचतोय. 'सातारा. एक मिनिट पुढे. तुमचं?' की मग आम्ही सगळे आपापल्या भिंतीवरच्या घड्याळांची हजेरी लावायची. कोरेगावचा वीरधवल नेहमी मागे, कोयनानगरच्या अपेक्षाचं घड्याळ भूकंपाचा हादरा बसला की बंद, आणि मी फुशारकी मारायला पुढे. माझा भाचा एकदा म्हणाला, मामा, हे कसलं फेसबुक, तीस माणसं आणि सगळी म्हातारी. त्याला म्हटलं, बाबा, हे कुण्या कंपनीचं दुकान नाही. सातारच्या एका माणसाच्या फळीवर डबीएवढं यंत्र आहे, त्यावर इंटरनेटवरचा आमचा हा 'लंबक' कट्टा चालतो. कोल्हापूरच्या रेडिओवाल्यांचा असाच एक आहे, वाईच्या पेनवाल्यांचा एक, आणि या सगळ्या कट्ट्यांची एकमेकांत ये-जा आहे. जाहिरात नाही की मालक नाही. आहेत ते एक गंगाधरपंत, आणि तेही झाडलोट करण्यापुरते.

तर सांगायचं हे. तुम्ही दर रविवारी चावी देता. सोमवार-मंगळवारी तुमचं घड्याळ जरा पुढे पळतं, शनिवारपर्यंत स्प्रिंग सैलावून मागे पडतं. सहा वर्षांत यात फरक नाही. ऑक्टोबरात चार-पाच दिवस तुमची नोंदच आली नाही, आणि त्यानंतर घड्याळ शुक्रवारी पुढे पळायला लागलं. म्हणजे चावी गुरुवारी. रविवारची चावी सोडणारा माणूस तुम्ही नव्हे.

आणि दुसरं. तेव्हापासून तुम्ही नोंद टाकता, पण शेवटी 'तुमचं?' विचारत नाही.

याचा अर्थ मी असा घेतला, की तुम्ही माझ्यावर रागावला आहात. माझ्या घड्याळाचा चकचकीत डायल दाखवणारा फोटो तुम्ही टाकलात, आणि मी सगळ्यांसमोर लिहिलं, 'असल्या हातांनी पुन्हा कुणाचं घड्याळ उघडू नका.' उचलली जीभ, लावली टाळ्याला. तेव्हा का बोललो ते कधीतरी सांगेन. आज एवढंच विचारतो, की राग गेला नसेल तर शिव्या द्या, पण बोला.

आपला
लालासाहेब

•

सातारा
२० जानेवारी २०२५

आदरणीय लालासाहेब काका,

सादर नमस्कार. मी मयूरी, गंगाधर सोमण यांची मुलगी. तुमचं पत्र पोचलं. बाबांचा हात थरथरतो, त्यामुळे त्यांच्या वतीने मी लिहिते आहे.

बाबा तुमच्यावर रागावलेले नाहीत. हे अगदी खरं आहे, कृपा करून मनात ठेवू नका. तब्येतीमुळे त्यांना फार बोलवत नाही, म्हणून नोंद तेवढी जाते. चावी आता मी देते, त्यामुळे वार बदलला. तुमच्या हे लक्षात येईल असं मला वाटलं नव्हतं.

तुमचं घड्याळ त्यांच्या कामाच्या कपाटात सुखरूप आहे.

तुमची
मयूरी

•

कडेगाव
२८ जानेवारी २०२५

मयूरीताईस आशीर्वाद,

तुमच्या पत्राने जीव भांड्यात पडला आणि लगेच पुन्हा बाहेर आला. हात थरथरतो म्हणता. मी त्यांच्या हातांना नावं ठेवली आणि त्यांचे हातच थरथरायला लागले. तुम्ही म्हणाल, काका, दोन्हींचा संबंध नाही. नसेल. पण चार दिवस मला जेवण गेलं नाही.

हे पत्र पंतांना वाचून दाखवा. कपाटातल्या त्या घड्याळाबद्दल आहे.

ते घड्याळ आमच्या लग्नातलं. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं-अवजारं पूजतात. घरोघरी कोयता, नांगर, ट्रॅक्टर. माझ्या घरी त्यात पक्कड, स्क्रूड्रायव्हर आणि हे घड्याळ. आमची विजयमाला दरवर्षी घड्याळाच्या काचेला हळदीकुंकवाचं बोट लावायची आणि मला चिडवायची, "माझी सवत हाय ही. हिला नटवल्याबिगर तुमी जेवायचं न्हाई." मी दुसऱ्या दिवशी काच पुसून टाकायचो. दर वर्षी पुसली.

२०२२ च्या खंडेनवमीला काच तडकलेली होती, म्हणून मी ती काढून ठेवली होती. तिने बोट सरळ डायलवर लावलं, सहाच्या आकड्याखाली. मी ओरडलो, की डायल कागदी आहे, डाग जायचा नाही. ती म्हणाली, "मग ऱ्हाऊ द्या की." त्या नोव्हेंबरात ती गेली. डाग राहिला.

हे मी पंतांना सांगायला हवं होतं. घड्याळ पाठवताना चिठ्ठीत काय लिहिलं, तर टोले चुकतात, बघा. पुरुष माणसाने घड्याळावरच्या डागाबद्दल काय लिहायचं, म्हणून लाजलो. मग पंतांनी फोटो टाकला. डायल पांढराफटक, सहाखाली काही नाही. त्यांनी मळ समजून साफ केला असणार. घड्याळाचं काम करणारा कुणीही तेच करेल, मीही केलं असतं. चूक माझी, आणि चव्हाट्यावर बोल लावला त्यांना.

मी ९ फेब्रुवारीला, रविवारी साताऱ्याला येतो. त्यांच्या पायाशी बसतो, पाच मिनिटं. बोलवत नसेल तर बोलू नये. घड्याळही परत नको, त्यांच्याच भिंतीवर राहू दे. मला फक्त एकदा त्यांच्या तोंडून 'तुमचं?' ऐकायचंय.

लालासाहेब

•

सातारा
३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय काका,

तुमचं पत्र वाचलं. पण कृपा करून इतक्यात येऊ नका. डॉक्टरांनी कुणाला भेटू द्यायला मनाई केली आहे. बाबांना बरं वाटलं की मी स्वतः कळवेन.

मयूरी

•

कडेगाव
१४ फेब्रुवारी २०२५

मयूरी,

आता तुला ताई म्हणत नाही. माझ्या पोरीच्या वयाची आहेस.

येऊ नका म्हणालीस, तरी मी आलो होतो. फौजेत हुकूम पाळायची सवय होती, ती रिटायर झाल्यावर सुटली. सकाळच्या गाडीने कराड, तिथून सातारा. बरोबर काकवीची बाटली होती, आमच्याकडचं गुऱ्हाळ चालू आहे. म्हटलं, आत नाही घेतलं तर दारातून बाटली देऊन परतू.

तुमच्या गल्लीत शिरलो आणि खिडकीतून अकराचे टोले ऐकू आले. मी माझं मनगट बघितलं. अकरा वाजून दोन मिनिटं. दोन मिनिटं मागे, सकाळच्या नोंदीत होतं तेवढंच. सहा वर्षं जे घड्याळ नुसतं आकड्यांत वाचलं, त्याचा आवाज पहिल्यांदा कानावर पडला. लय बरं वाटलं. तिथंच उभा राहून हसत होतो.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारलं, सोमणांचं दार कोणतं. तो म्हणाला, "सोमणकाकांचं व्हय? आवं, त्यांस्नी जाऊन चार म्हैनं व्हत आलं. दिवाळीच्या आदी गेलं. तुमी कोण पावणं?"

मी म्हटलं, घड्याळवाला.

बाटली त्याच्याकडेच ठेवली आणि स्टँडवर येऊन बसलो. कराडच्या दोन गाड्या सोडल्या, तिसरी पकडली.

तुझ्यावर मी रागावलो नाही, हे आधी ऐक. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे तुलाही ठाऊक असणार. तरी तू झाकत राहिलीस, म्हणजे काही कारण असेल. सांगावंसं वाटलं तर सांग. 'लंबक'वर मी कुणालाही काही बोललो नाही. आजही सकाळी तुझी नोंद वाचली, शुक्रवार, अर्धं मिनिट पुढे, आणि खाली माझ्या दुसऱ्या भिंतघड्याळाची लिहिली. शिरस्त्याप्रमाणे.

मला एकच गोष्ट कळायला हवी. मी ते हातांबद्दल लिहिलं तो शनिवार होता, १९ ऑक्टोबर. दुसऱ्या दिवसापासून पंतांची नोंद बंद झाली. त्यांनी ते वाचलं होतं का?

खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. तुझी दोन्ही पत्रं मी शेजारी ठेवून पाहिली. जिथं खोटं लिहिलंस तिथं अक्षर बारीक झालंय.

लालासाहेब

•

सातारा
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय काका,

इस्त्रीवाल्याने बाटली आणून दिली, तेव्हा कोण माणूस होता हे त्याला सांगता आलं नाही. "घड्याळवालं म्हणालं, आन् गेलं," एवढंच तो म्हणाला. मी बाटली हातात घेऊन दारात उभी राहिले. मला कळलं होतं.

हो काका, बाबांनी वाचलं होतं.

शनिवारी संध्याकाळी फोन हातात घेऊन ते बराच वेळ बसले होते. जेवताना मी विचारलं, काय झालं. म्हणाले, "लालासाहेब रागावलेत. डायलवरून." मी म्हटलं, मग कळवा ना त्यांना काय ते. तर म्हणाले, "आज नको. आज चिडलेला माणूस आहे, ऐकणार नाही. उद्या चावी देऊन झाली की निवांत लिहितो." आणि भाकरी मागून घेतली. ते दुखावले होते का, हे मला खरंच सांगता येणार नाही. माझ्यासमोर तरी त्यांनी दाखवलं नाही.

रविवारी सकाळी ते स्टुलावर उभे राहिले आणि तसेच खाली बसले. दवाखान्यात नेईपर्यंत चावी त्यांच्या मुठीत होती.

सोमवारी त्यांना थोडी शुद्ध होती. मला विचारलं, "नोंद टाकलीस का?" मी घरी गेलेच नव्हते. पण त्यांना समाधान वाटावं म्हणून मी म्हटलं, टाकली, एक मिनिट पुढे. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "चावी न देता पुढं गेलं?" म्हणाले आणि हसले. त्यानंतर माझ्याशी ते काही बोलले नाहीत. गुरुवारी पहाटे गेले.

काका, माझ्या बाबांशी माझं शेवटचं बोलणं खोटं होतं, आणि ते त्यांनी पकडलं होतं.

त्या दिवशी सगळं आटोपून घरी आलो तेव्हा घड्याळ बंद पडलेलं होतं. चार वाजून दहा मिनिटांवर. घरात माणसं होती. मी स्टुलावर चढले, चावी दिली, काटे लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी जे दिसलं ते बाबांच्या नावाने लिहून टाकलं. निदान आता तरी नोंद खरी जावी, एवढंच डोक्यात होतं. मग तिसऱ्या दिवशी टाकली, आणि नंतर सांगायचं कसं तेच कळेना. माझा भाऊ निमिष पुण्याहून सारखा सांगतो, ते यंत्र बंद कर, उगाच माणसांना फसवतेस. त्याचं बरोबर आहे. पण आकडा मी एकदाही खोटा लिहिला नाही, काका. 'तुमचं?' मात्र मला लिहिता आलं नाही. ते विचारणं बाबांचं होतं. ते लिहिलं असतं तर मी खरंच फसवलं असतं.

तुमचं हळदीच्या बोटाचं पत्र आलं तेव्हा मी कपाट उघडायचं टाळलं. डायल साफ झालेला आपण डोळ्यांनी बघायला नको, असं वाटलं. काल उघडलं. तुमचं घड्याळ फडक्यात गुंडाळलेलं आहे, फोटोतला पांढरा डायल त्यावर आहे. त्याच्यामागे पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये बटर पेपरमध्ये ठेवलेला आणखी एक डायल होता. पिवळा पडलेला. सहाच्या आकड्याखाली बोट तसंच आहे. हळद फिकी झालीय, कुंकू अजून ठसठशीत आहे. बोटावरच्या रेषासुद्धा दिसतात.

वर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी होती. ती पाठवते आहे, पण इथे उतरवूनही देते:

'मूळ डायल, मोहिते, कडेगाव. सहाखाली हळदीकुंकवाचं बोट आहे. पुसू नये. चावी देताना हात घासून जाईल म्हणून काढला, वर नवा बसवला. हा काचेत बसवून देणे. बाईंचं बोट असावं. विचारू नये, ते सांगतील.'

बाबांनी काही पुसलं नव्हतं, काका. ते रविवारी तुम्हाला हेच लिहिणार होते.

घड्याळ आणि डायल दोन्ही शंभूराजदादांबरोबर पाठवते. येत्या २ मार्चला, रविवारी, मी 'लंबक'वर सगळ्यांना सांगणार आहे. यंत्राचं काय करायचं ते अजून ठरवलेलं नाही.

तुमची
मयूरी

•

कडेगाव
५ मार्च २०२५

चि. मयूरीस अनेक आशीर्वाद,

घड्याळ पोचलं. डायलही पोचला. चिठ्ठी मी वाचली. शंभूराज शेजारी उभा होता, त्याला म्हटलं, जरा उसाकडे चक्कर मारून ये.

'विचारू नये, ते सांगतील.' सहा वर्षं नुसती मिनिटं सांगून त्या माणसाने मला एवढं ओळखलं होतं. आणि मी त्याला एका फोटोवरून ओळखायला गेलो. आता माफी कुणाची मागायची? बैल गेला आणि झोपा केला, अशी माझी गत. विजयमालेला ओरडलो, की डाग जायचा नाही, आणि पंतांना ओरडलो, की डाग घालवला. दोन्ही वेळेला समोरचं माणूस माझ्यापेक्षा शहाणं होतं आणि दोन्ही वेळेला ते महिना-आठवड्यात निघून गेलं. हे ओझं आता माझं आहे. तू त्यातलं काही उचलू नकोस.

तुला एक सांगतो. तुझं ते सोमवारचं खोटं. मी वर्कशॉपात पन्नास पोरं हाताखाली घेतली, खोटी नोंद करणारं पोर मला लांबून कळायचं. पण जे पोर आपल्या काळजीने खोटं बोलतं, त्याला पकडल्यावर माणूस हसतो. रागावलेला माणूस हसत नाही. पंत हसले ना? मग ते बोलणं पुरं झालं. तू ते उगाच अर्धं धरून बसली आहेस.

रविवारची तुझी नोंद वाचली. 'सातारा. बाबा २४ ऑक्टोबरला गेले. आजपासून चावी पुन्हा रविवारी. मयूरी.' खाली वीरधवलने नुसतं आपलं नाव लिहिलं. अपेक्षाने हादरा नसताना घड्याळ दिवसभर बंद ठेवलं. कोल्हापूरच्या रेडिओवाल्यांच्या कट्ट्यावरूनही माणसं आली. मी माझ्या त्या १९ ऑक्टोबरच्या ओरडण्याखाली खरी गोष्ट लिहिली, चिठ्ठी जशीच्या तशी उतरवली. ते ओरडणं मी पुसलेलं नाही. राहू दे की.

डायल काचेत बसवून घेतला, देवघराशेजारी लावला आहे. घड्याळ नव्या डायलनिशी जुन्याच खिळ्यावर आहे. टोले बरोबर पडतात, पण रोज दोन मिनिटं मागे जातं. लंबकाखालचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला तर सुधारेल, मला येतं ते. पण पंतांनी जिथं ठेवला, तिथंच तो राहील.

यंत्राचं तू ठरव. निमिषला माझा रामराम सांग, आणि ते बंद केलंस तरी मी तुला नावं ठेवणार नाही. चालू ठेवलंस तर मात्र एक मागणं आहे. हे पत्र पोचलं, की दुसऱ्या दिवसापासून नोंदीच्या शेवटी 'तुमचं?' विचारत जा. बाबांच्या नावाने नको, तुझ्या नावाने विचार. इथं सकाळी उठल्यावर मला काही विचारणारं दुसरं कुणी नाही.

तुझा
लालासाहेब काका